नवीन कॉम्प्युटरला अँटिव्हायरस कुठला टाकू? दुकानदार अडीच हजार सांगतो

म्हापसेकर_८४
नमस्कार मंडळी. चवथीच्या आधी घरी नवीन कॉम्प्युटर आणला, असेंबल्डच, म्हापशातल्या एका दुकानातून, विंडोज ११ टाकून दिलंय त्याने. मुलगा अकरावीत, त्याचा अभ्यास आणि गेम, बायको घरी लोणची-पापड करून विकते त्याचा हिशोब, आणि माझं म्हणजे गावच्या जत्रेत होणाऱ्या नाटकांची रेकॉर्डिंग, वीसेक वर्षांची आहेत, कॅसेटवर होती ती एक एक करून कॉम्प्युटरवर चढवलीत. आता दुकानदार म्हणतो अँटिव्हायरस घ्याच, तीन वर्षांचं पॅक अडीच हजार, नाहीतर महिन्याभरात हा डबा परत माझ्याकडे येणार. साडू म्हणतो क्विक हील, ऑफिसातला एकजण म्हणतो कॅस्परस्की, मुलगा म्हणतो बाबा काय गरज नाही. मागच्या कॉम्प्युटरच्या वेळी दणका खाल्लाय म्हणून विचारतो. झेरॉक्सवाल्याकडे पेनड्राइव्ह लावला, घरी येऊन उघडला तर सगळ्या फोल्डरचे नुसते शॉर्टकट. नाटकं गेली म्हणून त्या रात्री जेवलो नाही. तर काय घेऊ?

सांखळी_स्टँड
क्विक हील घ्या डोळे झाकून. पुण्याची कंपनी, कैलास काटकरांनी कॅल्क्युलेटर रिपेरीपासून सुरुवात करून उभी केलेली. आम्ही कितीतरी वर्षं वापरतो, पेनड्राइव्ह लावला की लगेच स्कॅन करतं. मुख्य म्हणजे इथल्या सगळ्या दुकानदारांना ते ठाऊक असतं, अडलं तर कोणीतरी येऊन बघतो.

रातांबा
मी पंधरा वर्षं हेच रिपेरीचं काम करतो, फोंड्यात. म्हापसेकरबाब, तुमच्या मुलाचं जवळजवळ बरोबर आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर, म्हणजे मायक्रोसॉफ्टचाच अँटिव्हायरस, विंडोजच्या आतच येतो, वेगळे पैसे नाहीत. सुरुवातीला लोक त्याला हसायचे, मीही हसायचो, आता तसं राहिलं नाही. जर्मनीतली एव्ही-टेस्ट नावाची लॅब आहे, ती संरक्षण, स्पीड आणि उगाच खोटे इशारे न देणं या तिन्हींना सहापैकी मार्क देते, तिथे गेली काही वर्षं डिफेंडरला पूर्ण नाहीतर पूर्णाच्या जवळ मार्क पडतात. क्विक हील वाईट नाही, सांखळीवाले म्हणतात तो माणूस येऊन बघण्याचा मुद्दा घरात वयस्कर माणसं असली तर खराच आहे. पण विकतचं टाकलं की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, म्हणजे दोन-दोन पहारेकरी मिळत नाहीत, एकच राहतो. आणि विकतची दोन टाकलीत तर ती एकमेकांच्याच पायात येतात आणि कॉम्प्युटर बैलगाडीसारखा चालतो.

तुमच्या पेनड्राइव्हची गंमत सांगतो. नाटकं गेली नव्हती हो! तो व्हायरस फोल्डर पुसत नाही, फक्त लपवतो, आणि त्याच नावाचा शॉर्टकट समोर ठेवतो म्हणजे तुम्ही डबल क्लिक केलं की व्हायरस चालू. नुसतं हिडन आयटम्सवर टिक करून ते दिसत नाहीत कारण त्यांना सिस्टिम फाइलचा शिक्का मारलेला असतो, अॅट्रिब म्हणून एक कमांड आहे ती चालवली की सगळं जिथल्या तिथे. मी महिन्याला पाच-सहा तरी असे पेनड्राइव्ह बघतो, परीक्षेच्या दिवसांत जास्त. फॉरमॅट केला नसेल तर फेकू नका तो.

अडीच हजार खर्च करायचेच तर त्यात थोडे घालून एक एक्स्टर्नल हार्डडिस्क घ्या, नाटकं तिच्यावर कॉपी करा आणि केबल काढून कपाटात ठेवा. काढून म्हणजे खरंच काढून. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, आला तर जोडलेली डिस्कपण लॉक करतो, आणि पावसात गडगडाट झाला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

पण त्याच्याही आधी एक बघा. दुकानदाराने विंडोज टाकून दिलं म्हणता, ते ओरिजिनल आहे का? सेटिंग्ज, सिस्टिम, अॅक्टिव्हेशन इथे काय लिहिलंय ते सांगा.

आबोली
माझी मावशी पेडण्याला असते, तिच्याकडे विकतचा अँटिव्हायरस होता, सगळ्यात महागाचा, तरी फसली. रेसिपी बघत होती आणि पूर्ण स्क्रीन लाल झाली, भोंगा वाजायला लागला, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे या नंबरवर फोन करा. घाबरून फोन केला. पलीकडचा इतका गोड बोलला की मावशीने त्याला चहा घेतला का तेवढंच विचारायचं ठेवलं, आणि त्याने सांगितलं म्हणून स्क्रीन बघायचं अॅपसुद्धा टाकलं, मग बँकेचा ओटीपी मागितल्यावर डोक्यात प्रकाश पडला आणि तिने सरळ मेन स्विच बंद केला 😅 तो व्हायरस नव्हताच, नुसतं एक वेबपेज होतं फुल स्क्रीन केलेलं. एस्केप थोडा वेळ दाबून धरायचं, नाहीच गेलं तर आल्ट आणि एफ४. पैसे गेलेच तर १९३० वर, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, लगेच फोन, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत फिरतात.

सांखळी_स्टँड
मावशीला मानलं! कॅस्परस्कीचं काय ते कोणी सांगितलं नाही.

रातांबा
सॉफ्टवेअर चांगलं आहे, टेस्टमध्ये वरच असतं. कंपनी रशियाची, म्हणून अमेरिकेने २०२४ मध्ये तिथली विक्री बंद केली, आपल्याकडे तशी बंदी नाही. घरच्या वापराला त्यावरून झोप उडवून घ्यायची गरज नाही, पण फुकटात काम भागतंय तर हवंय कशाला.

म्हापसेकर_८४
सगळ्यांना देव बरें करूं. रातांबाबाब, बघितलं. हिरवी टिक आहे, अॅक्टिव्ह लिहिलंय, आणि खाली लिहिलंय की तुमच्या ऑर्गनायझेशनच्या अॅक्टिव्हेशन सर्व्हिसने चालू केलंय. चांगलं ना?

रातांबा
घरात कुठलं ऑर्गनायझेशन आलं बाब, लोणच्या-पापडाचं? मोठ्या ऑफिसांना जी पद्धत असते तिची नक्कल करणारा क्रॅक, म्हणजे लायसन्स न घेता चालवायची चोरवाट, आहे तो. आता अजून एक बघा. विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, सगळ्यात खाली एक्सक्लूजन्स. तिथे काही आहे?

म्हापसेकर_८४
आहे. सी ड्राइव्ह लिहिलंय. नुसतं सी आणि दोन टिंबं.

रातांबा
म्हणजे डिफेंडरला सांगून ठेवलंय की सी ड्राइव्हकडे बघूच नकोस. क्रॅक चालवायला डिफेंडर अडवतो म्हणून हे करतात आणि मग परत काढायचं कोणाच्या लक्षात राहत नाही, किंवा राहतं. पहारेकरी दारात उभा आहे पण डोळ्यावर पट्टी. त्यावर तो माणूस तुम्हाला अडीच हजारांचा अँटिव्हायरस विकतोय!

ती ओळ काढा आणि फुल स्कॅन लावा, पण एवढ्यावर थांबू नका. क्रॅकबरोबर अजून काय आत आलंय ते कोणी खात्रीने सांगू शकत नाही, मी पण नाही. ओरिजिनल लायसन्स घ्या आणि विंडोज कोरं परत टाकून घ्या, तोवर बँकेचं काही त्या मशीनवर करू नका. आणि अपडेट बंद ठेवलेत का तेपण बघा, क्रॅकवाले तेही करतात. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर आला तेव्हा त्याचा इलाज मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, बुडाले ते अपडेट न टाकलेले.

परत टाकल्यावर मुलाला साधं अकाउंट द्या, अॅडमिन पासवर्ड तुमच्याकडे. गेमचा क्रॅक उतरवताना पहिलीच सूचना असते अँटिव्हायरस बंद करा, तिथे त्याला तुमच्याकडे यावं लागेल.

म्हापसेकर_८४
मुलगा मागे उभा राहून वाचतोय, तोंड पडलंय त्याचं. बिल काढून बघितलं, त्यात मॉनिटर, कीबोर्ड, केबलसुद्धा लिहिलीय, विंडोजची ओळच नाही. उद्या शुक्रवार, बाजाराच्या गर्दीत पार्किंग मिळणार नाही, शनिवारी सकाळी डबा घेऊन जातो दुकानात. आणि तो पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये सापडला, फॉरमॅट केलेला नाही.

रातांबा
लावू नका त्या कॉम्प्युटरला! फोंड्याला आलात की घेऊन या.