पेशा बदलून इंटिरिअर डिझाइनच्या व्यवसायात : अनुभव लिहा

आधीची नोकरी किंवा पेशा सोडून ज्यांनी अंतर्गत सजावटीचा स्वतःचा व्यवसाय सुरू केला, त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत, ही विनंती. पूर्ण झालेल्या घरांची छायाचित्रे आपण सगळेच पाहतो. त्यापेक्षा पहिले काम कसे निभावले, पैसे कसे ठरवले, कोठे चुकले आणि जुन्या कामातले काय उपयोगी पडले, हे वाचायला मिळावे. उशीर झाला असे वाटणाऱ्यांसाठी एवढेच सांगते की, या पेशाच्या सुरुवातीच्या काळात नाव कमावलेल्या एल्सी डी वुल्फ आधी रंगभूमीवर अभिनेत्री होत्या आणि न्यूयॉर्कचा कॉलनी क्लब त्यांनी सजवला, तो १९०७ मध्ये खुला झाला, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडलेली होती.

पूर्वी हिशेबनीस

मी चौदा वर्षे दुसऱ्यांचे हिशेब तपासले, आणि तरीही स्वतःच्या पहिल्याच करारात सुधारणांची मर्यादा लिहायला विसरले. ग्राहकाने स्वयंपाकघराची मांडणी अकरा वेळा बदलायला लावली. प्रत्येक वेळी नवे ड्रॉइंग, नवे कोटेशन, आणि मोबदला मात्र ठरलेला तेवढाच. आता आराखड्यात दोन फेरबदल मोबदल्यात धरलेले असतात, त्यापुढील प्रत्येक बदलाचे तासावर पैसे लागतात आणि प्रत्येक टप्प्याची रक्कम त्या टप्प्याची ड्रॉइंग हाती देण्याआधी जमा व्हावी लागते.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. ग्राहकाने सामानासाठी दिलेली आगाऊ रक्कम खात्यात पडली की आपण श्रीमंत झाल्यासारखे वाटते, परंतु ती आपली मिळकत नसते. एका घराच्या आगाऊ रकमेतून दुसऱ्या घराच्या सुताराची मजुरी भागवण्याची वेळ माझ्यावरही येऊ घातली होती. त्या दिवशी मी मजुरी स्वतःच्या बचतीतून दिली आणि दुसऱ्याच आठवड्यात ग्राहकांच्या पैशांसाठी स्वतंत्र खाते उघडले. दुकानदार देऊ करतात त्या कमिशनबद्दलही माझे मत ठाम आहे : घ्यायचे असेल तर ग्राहकाला लेखी कळवून घ्यावे, नाहीतर त्याचा लाभ त्याच्याच बिलात वळता करावा.

पूर्वी रुग्णालयात परिचारिका

माणूस आजारी पडला की घर त्याच्याशी कसे वागते, हे मी अनेक वर्षे रुग्णांच्या तोंडून ऐकत आले होते. पलंगावरून उठताना धरायला काही नसते, न्हाणीघराचा उंबरा पायात येतो, रात्री दिव्याचे बटण सापडत नाही. व्यवसायाचा अभ्यासक्रम मी रात्रपाळी सांभाळून पूर्ण केला आणि पहिल्यापासून वयस्क मंडळींच्या घरांचीच कामे घेतली. चाकांची खुर्ची जागच्या जागी वळवायला साधारण १५०० मिलिमीटर व्यासाची मोकळी जागा लागते. दरवाजा उघडल्यावर निदान ८०० मिलिमीटर, शक्य तर ९०० मिलिमीटर वाट मोकळी राहावी लागते. न्हाणीघरातील आधाराचा दांडा पोकळ पार्टिशनवर नुसता स्क्रूने बसवला, तर नेमका भार पडेल तेव्हाच तो निखळतो. म्हणून फरशा लावण्यापूर्वीच त्या जागी आतून भक्कम लाकूड किंवा प्लायवूड बसवून घ्यावे लागते, आणि हे कंत्राटदाराला वेळेवर सांगणे माझ्या कामाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. ग्राहक अनेकदा म्हणतात, “आत्ताच कशाला, घराला दवाखान्याची कळा येईल.” मी त्यांना आतला आधार बसवून ठेवायला सांगते, दांडा पुढे केव्हाही लावता येतो. एका घरी तो आठ महिन्यांनी लावावा लागला, आणि फरशी फोडावी लागली नाही, याचे मला आजही समाधान वाटते.

पूर्वी सॉफ्टवेअरचा परीक्षक

चुका शोधणे हीच माझी नोकरी होती, म्हणून माझी चूक अधिक लागली. एका कोनाड्यात बसवायच्या कपाटासाठी मी कमरेच्या उंचीवर रुंदी मोजली, ती २४०८ मिलिमीटर भरली, आणि २४०० मिलिमीटरचे कपाट बनवायला दिले. जमिनीलगत तीच जागा २३९१ होती, कारण भिंती काटकोनात नव्हत्या. कपाट आत गेले नाही आणि ते कापून पुन्हा जोडण्याचा खर्च मी सोसला. आता प्लास्टर व फरशी झाल्यावरच अंतिम माप घेतो. खाली, मध्ये आणि वर असे तीनदा मोजतो, दोन्ही कर्ण ताडून पाहतो, सर्वांत लहान आकडा धरतो आणि कडेला फिलर पट्टीसाठी, म्हणजे कपाट आणि भिंत यांमधली फट झाकणाऱ्या पट्टीसाठी, जागा सोडतो. सुतारासमोर आकडे मोठ्याने वाचून त्याची सही घेण्याची सवयही तेव्हापासूनची.

पूर्वी, आणि आता पुन्हा, शिक्षक

माझा व्यवसाय वीस महिन्यांत बंद झाला. कामे मिळत होती, परंतु शेवटच्या टप्प्याचे पैसे बारीकसारीक राहिलेल्या कामांच्या नावाखाली अडकत होते, आणि ते मागायला मी संकोचत होतो. हाताशी सहा महिन्यांचा घरखर्च ठेवून सुरुवात केली होती. तो वर्षभराचा हवा होता. सध्या शाळा सांभाळून केवळ रंग आणि प्रकाशाचा सल्ला देतो. भिंतीवर रंगाचा मोठा नमुना लावून तो दोन दिवस सकाळच्या उजेडात आणि रात्री २७०० ते ३००० केल्विनच्या, म्हणजे पिवळसर उजेडाच्या, दिव्याखाली पाहायला सांगतो, आणि मोबदला पहिल्या भेटीआधीच घेतो. पुढच्या महिन्यात सातव्या घराचे काम सुरू होईल.