मदत हवी आहे: भोर–मांढरदेवी–वाई, आडवाटेने एक दिवस

रानवाट: रविवारी आईबाबांना घेऊन वाई-मेणवलीला जायचंय, पण हायवेने नाही. भोर, आंबाडे, मांढरदेवी असं. रस्ता कसा आहे आणि किती वाजता निघावं एवढंच सांगा. मॅप दर वेळी हायवेवरच्या खंबाटकी घाटातच नेऊन घालतोय. आज शुक्रवार, लवकर सांगा.

नीरेकाठ: कुठून निघणार? गाडी कुठली? आईबाबांना चालवतं का? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

घाटवेडा: मांढरदेवी कशाला? भोरवरून सरळ वरंध घाट धरा. शिवथरघळ करा. पाच वेळा गेलोय, ऑक्टोबरात त्या डोंगरांना तोड नाही.

नीरेकाठ: अहो, वरंध महाडला उतरतो. त्यांना वाईला जायचंय. पावसात तिथे दरडी येतात, चौकशी केल्याशिवाय वयस्कर माणसांना न्यायचा तो रस्ता नव्हे.

घाटवेडा: चौकशी करूनच जायचं असतं. दरडीच्या भीतीने घरी बसायचं का?

फुलपाखरू: कास पठारावरचा फुलांचा बहर आता ओसरला असेल. जायच्या आधी बुकिंग बघून घ्या.

रानवाट: कासला जात नाहीये! पुण्यातून, सिंहगड रोडवरून निघतोय, ऑल्टो आहे. बाबा 74, आई 69. बाबांचे गुडघे दुखतात. आईला घाटात मळमळतं.

वाईची सून: मळमळीचं आधी सांगायचं ना, सगळं त्यावरच ठरतं. आंबाड्यानंतर चढ लागतो, वळणं एकामागोमाग एक आहेत. पलीकडे वाईकडे उतरतानाही तेच. आईंना पुढे बसवा, काच अर्धी खाली ठेवा. उपाशी नेऊ नका, आणि वाटेत मिसळही नको. माझ्या सासूबाई आल्याची वडी गालात धरून बसतात, वर पोचेपर्यंत पुरते. सकाळी सातला निघा, बनेश्वरच्या देवळापाशी झाडांखाली अर्धा तास टेका, मग भोर. मांढरदेवीच्या देवळात मंगळवार-शुक्रवार देवीचे वार, पौषात जत्रा, तेव्हा गर्दी. तुमचा रविवार आहे म्हणजे त्यामानाने बरं. परत येताना मात्र हट्ट सोडा आणि हायवेनेच या. पुण्याकडे येताना खंबाटकीचा घाट लागत नाही, बोगदा आहे.

नीरेकाठ: बोगद्याचं बरोबर. भोरच्या आसपास रस्त्याला लागून भातखाचरं आहेत. या दिवसांत भाताच्या लोंब्या बाहेर आलेल्या असतात, गाडी थांबवली की वास येतो. तिथे घाई करू नका.

जुनं ते सोनं: मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा बघाच, आणि घाटावरची घंटाही. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हाच्या लुटीतली आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेत, 1707 साल आहे.

घाटवेडा: घंटा भीमाशंकरलाही आहे, वसईचीच.

जुनं ते सोनं: आहे, पण ती वेगळी.

रानवाट: घंटा बाबांना दाखवायचीच आहे. पायऱ्या किती आहेत?

वाईची सून: मोजल्या नाहीत, पण दगडी आहेत आणि उंच आहेत. गुडघे दुखत असतील तर खाली पात्रापर्यंत नेऊ नका, वर बसूनही कृष्णा दिसते. वेळ उरला तर धोमला जा. नरसिंहाच्या देवळाच्या आवारात, महादेवासमोर कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी आहे, तिथे फार चालावं लागत नाही.

रानवाट: ठरलं. सातला निघतोय, आई पुढे, आल्याच्या वड्या आजच आणते. येताना बोगदा.