साउंडट्रॅक म्हणजे पार्श्वसंगीत?

उपशीर्षक
एका अंकासाठी लेख लिहिलाय. विषय: रस्त्यावरच्या मोटार-शर्यतींचे सिनेमे आणि त्यांच्याबरोबर आलेले हिप-हॉप अल्बम. सुरुवात अर्थातच 'द फास्ट अँड द फ्युरियस'पासून (२००१). तपासून परत आलेला मजकूर उघडला, तर 'साउंडट्रॅक' होतं तिथे सगळीकडे 'पार्श्वसंगीत' झालेलं. अर्व्ह गॉटी हा त्या अल्बमचा एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर, तो 'चित्रपटाचा कार्यकारी निर्माता' होऊन बसला! हे दुसरं मी भांडून बदलून घेईन. पहिल्याबाबत मात्र संपादकांचं म्हणणं, मराठी शब्द असताना इंग्रजी कशाला? मला तो शब्दच चुकीचा वाटतो, पण नेमकं का ते धड सांगता येत नाहीये. मदत करा.

जुनी तबकडी
चुकीचाच आहे. पार्श्वसंगीत म्हणजे प्रसंगामागे वाजतं ते. नायक दार उघडतो, व्हायोलिनं थरथरतात, ते. इंग्रजीत त्याला स्कोअर म्हणतात आणि आमच्या नातवंडांच्या तोंडी बीजीएम. २००१च्या त्या सिनेमाचा स्कोअर बीटी (ब्रायन ट्रान्सो) या माणसाचा. सत्तर वादकांचा ताफा होता, शिवाय तालवाद्यं वाजवणाऱ्यांना त्यानं गाडीच्या सांगाड्यावरच ठोकायला बसवलं होतं. याला पार्श्वसंगीत म्हणा, खुशाल म्हणा, शब्द चपखल बसतो. पण तुमचा लेख ज्या अल्बमवर आहे त्यात जा रूल, अशांती, फॅट जो, स्कारफेस. शिवाय गॉटीच्या मर्डर इंक. या रेकॉर्ड कंपनीची सगळी फौज. त्यातलं काय कुठल्या प्रसंगाच्या 'मागे' आहे?

बोरीबंदर
साउंडट्रॅकच ठेवा की. रिक्षावाल्यालाही कळतं.

कानसेन
मला 'पार्श्व' या शब्दाचीच गंमत वाटते. संस्कृतात पार्श्व म्हणजे बाजू, कूस. मराठीत आल्यावर 'पार्श्वभूमी'मुळे त्याला 'मागचं' असा अर्थ चिकटला. मग सिनेमानं तो दोनदा वापरला, आणि दोन्ही वेळा वेगळ्या अर्थानं. पार्श्वसंगीतात संगीत मागे असतं आणि प्रसंग पुढे. पार्श्वगायनात गाणारा पडद्यामागे, पण गाणं अगदी पुढे. नट फक्त ओठ हलवतो. आता 'टू फास्ट टू फ्युरियस' (२००३) घ्या. ल्युडाक्रिस त्यात टेज म्हणून पडद्यावर वावरतो आणि अल्बममध्ये 'अ‍ॅक्ट अ फूल' रॅप करतो. ते गाणं तो टेज म्हणून म्हणत नाही, दुसऱ्या कुणासाठी तर नाहीच. म्हणजे पार्श्वगायन नव्हे. आणि पार्श्वसंगीत डेव्हिड अर्नल्डचं, बाँडपटांवाला. एकाच सिनेमात दोन वेगळी कामं, दोन वेगळी माणसं. त्यांना एकच शब्द लावला तर दोघांपैकी एकाचं श्रेय गेलंच.

पाचवा गिअर
मी गाड्यांसाठी हे सिनेमे बघणारा, पण मुद्दा सिद्ध करणारं उदाहरण माझ्याकडे आहे. याच मालिकेतला 'टोकियो ड्रिफ्ट', २००६. त्या वर्षी या एका सिनेमाचे दोन अल्बम निघाले. एकात गाणी: तेरियाकी बॉयझचं ते शीर्षकगीत, डॉन ओमार वगैरे. दुसऱ्यात फक्त ब्रायन टायलरचा स्कोअर. दुकानात दोन वेगळ्या सीड्या. संपादकसाहेबांना विचारा, या दोन्हींना पार्श्वसंगीत म्हणणार असाल तर गिऱ्हाईक कुठली मागणार?

२००१चा घोळ तर याहून मोठा. जूनमध्ये आलेला अल्बम हिप-हॉपचा. मग डिसेंबरमध्ये 'मोअर फास्ट अँड फ्युरियस' म्हणून आणखी एक, त्यात धडाधड रॉक-मेटल आणि बीटीचे काही तुकडे. सिनेमा तोच!

आणि हिप-हॉपचा अल्बम त्या सिनेमावर उगाच वरून लावलेला नाही. सिनेमा निघाला तोच मुळी 'व्हाइब' मासिकातल्या एका लेखावरून: न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर रात्री होणाऱ्या शर्यतींवरचं केन ली यांचं वार्तांकन, १९९८. व्हाइब हे हिप-हॉपवाल्यांचं मासिक होतं. म्हणजे गाडी आणि गाणी दोन्ही एकाच गल्लीतून आलेली. जा रूलही सिनेमात छोट्या भूमिकेत आहेच, पहिल्या शर्यतीत.

उपशीर्षक
वा, हे लेखात घालते. पण मग त्या गाण्यांच्या अल्बमला मराठीत काय म्हणू? 'चित्रपटाची गाणी' लिहून पाहिलं. जमत नाही. वेष्टनावर अशा अल्बमांच्या नावाखाली 'म्युझिक फ्रॉम अँड इन्स्पायर्ड बाय' असं छापण्याची पद्धत असते. म्हणजे 'चित्रपटातील आणि चित्रपटावरून सुचलेलं'. आता २००१च्या त्या अल्बममधलं लिंप बिझकिट या बँडचं 'रोलिन' (अर्बन असॉल्ट व्हेइकल)' बघा. डीएमएक्स, रेडमन, मेथड मॅन सगळे त्यात आहेत. ते बँडच्या २०००च्या अल्बममध्ये आधीच आलेलं. सिनेमा २००१चा. पुढच्या वर्षीच्या सिनेमावरून गाणं आदल्या वर्षी सुचलं म्हणायचं का?

जुनी तबकडी
हाच तर पेच आहे, ताई. आपल्याकडे ही वस्तूच नव्हती, मग शब्द कुठून असणार? आपल्याकडे गाणं सिनेमासाठी होतं, सिनेमात दिसतं आणि तेच तबकडीवर येतं. एचएमव्हीच्या लेबलवर सिनेमाचं नाव, गायक, संगीतकार, संपलं. फार तर एखादं गाणं सिनेमातून कापलं जायचं आणि रेकॉर्डवर राहायचं. पण सिनेमाशी संबंध नसलेली गाणी त्याच्या नावावर विकायची, ही कल्पना तिकडची. रेकॉर्ड कंपनीला नवे गायक पुढे आणायचे असतात, स्टुडिओला तरुण प्रेक्षक हवा असतो. दोघांचं साधतं. अशांतीचा स्वतःचा पहिला अल्बम २००२चा. त्याच्या आधी ती या सिनेमाच्या अल्बमवर आहे. म्हणून मर्डर इंक.साठी ते लेबलचं जाहिरातपत्रकच समजा.

माझी सूचना: 'चित्रपटाचा अल्बम'. अल्बम मराठीत कधीच रुळलाय. तोही आपल्याकडे आधी लग्नाच्या फोटोंचा आला, गाण्यांचा मागून. इंग्रजीतही तसंच: ७८च्या तबकड्या पुस्तकासारख्या बांधलेल्या खोळींमध्ये यायच्या, म्हणून अल्बम.

बोरीबंदर
तेच म्हणतोय मी. साउंडट्रॅक.

कानसेन
बोरीबंदरभाऊ, एक अडचण आहे. साउंडट्रॅकचा मूळ अर्थ फिल्मच्या कडेनं चित्रांच्या बाजूला जाणारी ध्वनीची पट्टी. त्या पट्टीत संवाद, पावलं, ब्रेकची किंकाळी, सगळं आलं. पुढे तो शब्द अल्बमला चिकटला. आणि मराठीत नुसत्या 'ट्रॅक'चा अर्थ आणखी वेगळा. वाद्यवृंदात 'आज ट्रॅकवर गायलो' म्हणजे वादक नव्हते, यंत्रावर वाद्यं वाजत होती. त्यामुळे साउंडट्रॅक ठेवायला माझी हरकत नाही, पण लेखात एकदा उलगडून सांगावं लागेल. पहिल्या उल्लेखात 'चित्रपटाचा गाण्यांचा अल्बम, म्हणजे साउंडट्रॅक', पुढे नुसतं साउंडट्रॅक. आणि बीटी, अर्नल्ड, टायलर यांच्या कामाला न चुकता पार्श्वसंगीत. (जाता जाता: संस्कृतात पार्श्व म्हणजे बाजू, आणि ध्वनिपट्टीही फिल्मच्या बाजूलाच असते. पण यावरून संपादकांना खूश करू नका.)

पाचवा गिअर
'सी यू अगेन'चं काय? २०१५च्या 'फ्युरियस ७'मधलं, या मालिकेतला दिवंगत नट पॉल वॉकर याच्या आठवणीतलं. विझ खलिफा आणि चार्ली पुथ. ते खास सिनेमासाठी केलं, शेवटच्या प्रसंगावर वाजतं, बिलबोर्डच्या यादीत १२ आठवडे पहिलं होतं. ते पार्श्वसंगीत की गाणं?

जुनी तबकडी
गाणं. प्रसंगावर वाजलं म्हणून पार्श्वसंगीत होत नाही. आपल्याकडेही नायक गाडी चालवतो, कुणी ओठ हलवत नाही आणि गाणं वाजत राहतं. त्याला आपण गाणंच म्हणतो.

उपशीर्षक
पटलं. आता प्रोड्यूसर. 'निर्माता' लिहिलं की वाचक पैसे घालणारा माणूस समजतो. टोकियो ड्रिफ्टचं शीर्षकगीत नेपच्यून्सनी, म्हणजे फॅरेल विल्यम्स आणि चॅड ह्यूगो यांनी 'प्रोड्यूस' केलं. 'संगीतकार' लिहू?

कानसेन
संगीतकार म्हटलं की मराठी कानाला 'चाल लावणारा' ऐकू येतं. रॅपमध्ये चाल अशी नसतेच म्हणा ना. आधी बीट, मग त्यावर शब्द. 'संगीत संयोजक' जवळ जातं, पण संयोजक दुसऱ्याच्या चालीवर वाद्यं बसवतो, हे लोक तर गाण्याचा पायाच घालतात. मी 'बीटकार' सुचवणार होतो, पण लोक हसतील.

बोरीबंदर
हसलो. बीट कोशिंबिरीत घालतात, नाहीतर हवालदाराला देतात.

जुनी तबकडी
'संगीत: द नेपच्यून्स' एवढंच लिहा. मराठी श्रेयनामावलीत 'संगीत' या एका शब्दाखाली कोण काय करतो हे कधी कुणी विचारलंय? आणि गॉटीसाठी 'अल्बमची निर्मिती'. 'अल्बमची' हा शब्द गाळू नका, म्हणजे सिनेमाचा घोटाळा होणार नाही.

पाचवा गिअर
मुंबईत हे प्रश्न आलेच असतील ना? 'गली बॉय' (२०१९) हिप-हॉपचाच. भरपूर कलाकार, कुणा एका संगीतकाराचं नाव नाही, अंकुर तिवारी म्युझिक सुपरवायझर.

कानसेन
आले, आणि तिथेही 'म्युझिक सुपरवायझर'च राहिलं. गाणी निवडणं, कलाकार जुळवणं, हक्कांची बोलणी करणं हे काम पूर्वी निर्माता, दिग्दर्शक आणि संगीतकार चहाच्या टेबलावर उरकायचे. मराठीत 'संगीत पर्यवेक्षक' म्हटलं तर परीक्षेच्या वर्गात फिरणारे गुरुजी डोळ्यांपुढे येतात. इंग्रजीच ठेवावं.

उपशीर्षक
शेवटचं विचारते. 'फीचरिंग'. मजकुरात मी 'साथ' लिहिलं होतं.

जुनी तबकडी
अजिबात नको! साथ म्हणजे तबला, पेटी. २००३च्या अल्बमवरचा रॅपर पिटबुल डग्ग्यावर बसलेला दिसेल वाचकांना. (तिथे त्याचं 'ओये' स्वतःचंच गाणं आहे म्हणा, पण कळलं ना?) आकाशवाणीवर श्रुतिकेच्या शेवटी 'सहभाग' म्हणून नावं सांगतात, तो घ्या. मुख्य गायकाचं नाव आधी, मग स्वल्पविराम, मग 'सहभाग' आणि पुढे पाहुणे.

उपशीर्षक
'जा रूल, सहभाग: व्हिटा'. चालतंय. पाठवते संपादकांना.

बोरीबंदर
ते 'सहभागी कलाकार' करून परत पाठवतील बघा.