वेल्समधील जुन्या चॅपलमध्ये आई-बाबांसह सुट्टीचा मुक्काम: योग्य ठरेल का?

रानवाटा (प्रश्न):
येत्या उन्हाळ्यात आई-बाबा आमच्याकडे लेस्टरला येत असून त्यांच्यासह आठवडाभर वेल्सला जाण्याचा विचार आहे. पोविस भागात मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या एका जुन्या चॅपलचे, म्हणजे प्रार्थनागृहाचे, सुट्टीसाठी भाड्याने मिळणारे घर पसंत पडले आहे. शोधताना इंग्लंडमधील जुन्या चर्चमध्ये रात्री मुक्काम करू देणारी ‘चॅम्पिंग’ नावाची सोयही दिसली. जिथे प्रार्थना झाल्या आणि जिथल्या आवारात माणसे पुरलेली आहेत तिथे रांधून जेवणे व झोपणे आईला प्रशस्त वाटत नाही. बाबांचे गुडघे दुखतात, ही दुसरी अडचण. जाणकारांनी मत द्यावे.

दगडी_चौथरा:
आपण उल्लेखिलेल्या दोन सोयी एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत. ब्रिटनमधील मेथडिस्टांच्या तीन मोठ्या शाखा १९३२ साली एकत्र आल्या, तेव्हा एकेका गावात दोन-दोन, तीन-तीन चॅपले शिल्लक राहिली. पुढे उपासकही घटत गेले आणि त्यांतील कित्येक इमारती विकल्या जाऊन त्यांची घरे झाली. या पंथांत पावित्र्य भिंतींपेक्षा जमलेल्या मंडळींत मानले जाते, त्यामुळे मंडळी गेल्यावर उरते ती केवळ वास्तू. चॅम्पिंगचे तसे नाही. १९६९ साली स्थापन झालेला चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट नित्य उपासना बंद झालेली साडेतीनशेहून अधिक चर्चे सांभाळतो, आणि नॉर्थहॅम्प्टनशरमधील ऑल्डविंकल येथे २०१४ साली त्याने हा उपक्रम सुरू केला. यांतील बहुतेक चर्चे आजही विधिपूर्वक पवित्र मानली जातात व तिथे अधूनमधून उपासनाही होते. म्हणजे आईंचा आक्षेप चॅपलपेक्षा चॅम्पिंगलाच अधिक लागू पडतो. अर्थात वारीच्या वाटेवर गावोगावच्या देवळांच्या सभामंडपांत वारकरी जेवतात आणि झोपतात, हे त्यांना आठवून द्यायला हरकत नाही.

उंबरठा:
बाबांच्या गुडघ्यांचा विचार करता चॅम्पिंग सोडून द्यावे. तिथे कॅम्पच्या खाटा मिळतात, पण स्नानाची सोय नसते, अनेक ठिकाणी नळाचे पाणीही नसते, आणि थंडीमुळे हा हंगाम उबदार महिन्यांपुरताच असतो. मेणबत्त्या बॅटरीच्या. वटवाघळांना कायद्याचे संरक्षण असल्याने ती हुसकावता येत नाहीत. मुलांना याची मौज वाटेल, वडीलधाऱ्यांना वाटेलच असे नाही.

चॅपलमध्ये वेगळी गोष्ट तपासावी. उंच सभागृहात मधोमध नवा मजला घालून निजायच्या खोल्या बहुधा वर काढलेल्या असतात, आणि जुना सज्जा राखलेला असेल तर त्याचा जिना अरुंद व चढा असू शकतो. इमारत संरक्षित यादीत असल्यास मालकाला परवानगीवाचून फेरफार करता येत नाहीत. म्हणून छायाचित्रांवर न भाळता नकाशा मागवावा, आणि न्हाणीघर कोणत्या मजल्यावर आहे हे लेखी विचारावे. छत उंच ठेवले असेल तर ऊब वर जाते आणि खालची बैठक गारच राहते, तीही जुलैत.

शिलालेख:
दफनभूमीचा मुद्दा मात्र मला केवळ श्रद्धेचा वाटत नाही. चॅपल विकले गेले तरी आवारातील कबरींपाशी येण्याचा नातलगांचा हक्क अनेकदा राखून ठेवलेला असतो, आणि आपण अंगणात चहा घेत बसला असताना कोणी फुले घेऊन आले तर ते परके नसून आपणच पाहुणे असतो. आवारात कबरी आहेत का, वाट कुठून जाते, हे आधी विचारावे. असल्यास तिथे शेगडी मांडू नये.

दगडी_चौथरा:
आणखी एक सुचवतो. पोविसमध्येच ग्लासबरीजवळ मेसिरॉनेन येथे सतराव्या शतकाच्या अखेरचे चॅपल आहे. त्यात आजही उपासना होते आणि त्याला लागून असलेले छोटे घर लँडमार्क ट्रस्ट ही जुन्या वास्तू जतन करणारी संस्था भाड्याने देते. प्रार्थनेची जागा आणि निजायची जागा वेगळी असल्याने आईंना ते पटावे. जिन्याची चौकशी तिथेही करावीच.

रानवाटा:
सर्वांचे आभार. आईला शेवटचा पर्याय मान्य आहे. जिना आणि न्हाणीघर यांविषयी आजच विचारणा करतो.