खेळण्यातील सैनिकांचे संच: कोणती लढाई निवडावी?

प्रश्न: पायदळ

बरीच वर्षे मी प्लॅस्टिकचे सुटे सैनिक मिळतील तसे जमवत आलो, आणि त्याचा परिणाम असा की आज कपाटात चार वेगवेगळ्या युगांचे शिपाई एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. आता एकच लढाई निवडून इमारत, अडथळे, तोफा आणि दोन्ही बाजूंचे सैन्य असा पूर्ण संच उभा करायचे ठरवले आहे. मनात वॉटर्लू, म्हणजे नेपोलियनचा शेवटचा पराभव झाला ती लढाई आहे, कारण माझे सर्वाधिक वाचन त्या लढाईचे आहे. मात्र मागे वॉटर्लूचा म्हणून घेतलेला एक संच टेबलावर मांडला, तेव्हा चाळीस निळे फ्रेंच आणि चाळीस तांबडे ब्रिटिश अशा दोन रांगा समोरासमोर उभ्या राहिल्या आणि त्यानंतर काय करावे हेच सुचेना. विषय निवडताना जाणकार नेमके काय पाहतात? तसेच जुने मूळ संच शोधावेत की जुन्या साच्यांतून नव्याने काढलेले घ्यावेत?

प्रतिसाद: बुरूज

आपला संच फसला तो सैनिकांमुळे नव्हे. त्या मांडणीत भांडण्यासारखी जागाच नव्हती. लढाई इतिहासात किती गाजली यापेक्षा ती कशासाठी, म्हणजे कोणत्या दारासाठी, पुलासाठी किंवा भिंतीसाठी झाली, हे मी आधी पाहतो. लुई मार्क्स यांच्या अमेरिकी खेळणी कंपनीने १९५०च्या दशकात ‘फोर्ट अपाची’ आणि ‘अलामो’ यांसारखे जे संच काढले, त्यांत छापील पत्र्याच्या इमारती आणि तटबंदी असे. मूल खोका उघडून आधी तट उभा करी आणि कोण आत, कोण बाहेर हे त्यातूनच ठरे.

माझ्या मते वेढ्याचे किंवा बचावाचे प्रसंग संचासाठी सर्वांत सोयीचे असतात, कारण तिथे सैन्य असमान असले तरी बिघडत नाही, उलट रंगत वाढते. उदाहरणार्थ, २२ आणि २३ जानेवारी १८७९ रोजी दक्षिण आफ्रिकेतील रोर्क्स ड्रिफ्ट येथे सुमारे दीडशे ब्रिटिश बाजूच्या बचावकर्त्यांनी तीन ते चार हजार झुलू योद्ध्यांना तोंड दिले. तिथे इस्पितळ आणि कोठार अशा दोन इमारती, मक्याच्या पोत्यांची भिंत आणि बिस्किटांच्या लाकडी खोक्यांची दुसरी आडवी भिंत होती. इस्पितळाचे छप्पर पेटल्यावर बचावकर्ते त्या दुसऱ्या भिंतीमागे सरकले. टेबलावर वीस तांबडे डगलेवाले आणि साठ ढालकरी एवढ्यांत हा प्रसंग उभा राहतो, आणि मागे सरकण्याची जागा आखलेली असल्यामुळे खेळाला दुसरा अंकही मिळतो.

वॉटर्लू सोडायचे नसेल तर अख्खे रणांगण मात्र सोडा. १८ जून १८१५ रोजी हूगूमों या वाड्याचे उत्तरेकडचे दार फोडून काही फ्रेंच सैनिक आत शिरले आणि आतल्या ब्रिटिश सैनिकांनी अंगाचा रेटा देऊन ते दार पुन्हा लावले. एक अंगण, एक भिंत, एक दार; एवढ्यात आपले वॉटर्लू मावेल.

प्रतिसाद: रंगारी

बुरूज यांचे म्हणणे बव्हंशी पटते, पण इमारतीइतकेच महत्त्व मी आकृतींच्या बाह्यरेषेला देतो. हाताच्या अंतरावरून, रंग न पाहता, हा शिपाई कोणत्या बाजूचा आहे हे ओळखू आले पाहिजे. अमेरिकी यादवी युद्धाच्या अनेक स्वस्त संचांत तीच टोपी, तोच गुडघा टेकून धरलेला नेम, फक्त एक ओतीव निळी आणि दुसरी करडी असते. संध्याकाळच्या उजेडात दोन्ही बाजू एकच वाटू लागतात. याउलट झुलूंची लांबट ढाल किंवा मध्ययुगीन सरदाराचे शिरस्त्राण सावलीतही ओळखू येते. मध्ययुगीन किल्ला हा विषय म्हणूनच मला आवडतो. शिवाय तिथे बटणांची संख्या चुकली म्हणून कोणी जाब विचारत नाही.

टेक्सासमधल्या अलामो या वेढा पडलेल्या जागेबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे. तिथल्या चर्चच्या माथ्यावरचा घंटेसारखा वक्र भाग अनेक खेळण्यांत हमखास दिसतो, पण तो अमेरिकी सैन्याने १८५० मध्ये चढवला; १८३६च्या वेढ्याच्या वेळी तो नव्हताच. तरीही तो काढून टाकला तर पाहणारा विचारतो की हे अलामो कशावरून, आणि मी स्वतः तो भाग ठेवलेला आहे.

प्रतिसाद: जुना खोका

आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. खेळण्यासाठी मांडायचे असेल तर नव्याने काढलेले घ्यावेत. मूळ संचाची किंमत शिपायांपेक्षा शिड्या, झेंडे, तोफेचे ठासणीचे गज आणि खोका यांवर ठरते, कारण हरवते तेच. विक्रेत्याने ‘पूर्ण’ म्हटले तरी मूळ यादीशी प्रत्येक वस्तू ताडून पाहावी. माझी एकदा फसगत झाली ती अशी, की संख्या बरोबर होती, पण बारा शिपाई नव्या ओतीवाचे होते. साचा तोच असल्यामुळे बैठकीखालची अक्षरेही तीच होती. फरक जाणवला तो नखाला, कारण नवे प्लॅस्टिक अधिक टणक आणि तुकतुकीत होते.

जुन्या पॉलिथिनचे शिपाई कालांतराने ठिसूळ होतात आणि संगीन बोटात तुटून येते, म्हणून ते उन्हापासून दूर ठेवावेत. मऊ व्हिनाइलच्या आकृती कडक प्लॅस्टिकच्या इमारतीला टेकवून वर्षानुवर्षे ठेवू नयेत. त्यातले द्रव्य झिरपून इमारतीच्या भिंतीवर चिकट खळगे पडतात. नव्या शिपायांच्या वाकलेल्या बंदुका गरम पाण्यात धरून सरळ कराव्यात आणि लगेच थंड पाण्यात बुडवाव्यात.

मापाकडेही लक्ष द्या. ५४ मिलिमीटरचा शिपाई १:३२ या प्रमाणात साधारण १ मीटर ७३ सेंटिमीटर उंचीचा माणूस ठरतो, तर त्याच प्रमाणात ६० मिलिमीटरचा १ मीटर ९२ भरतो. एखादा धिप्पाड सार्जंट म्हणून तो खपून जाईल. अख्खी पलटण तशी असेल तर दाराची चौकट लहान दिसू लागते.

प्रश्नकर्ता: पायदळ

सर्वांचे आभार. हूगूमोंचे उत्तर दार घेण्याचे ठरवले आहे. कपाटातले ५४ मिलिमीटरचे तांबडे डगलेवाले आत जातील. निळ्यांपैकी कुऱ्हाड उगारलेला एकच आहे, तो सर्वांत पुढे राहील. दार चिकटवून टाकू की उघडमिट होणारे करू, एवढेच ठरायचे आहे.

प्रतिसाद: बुरूज

उघडमिट होणारेच करा, आणि बिजागरी आतल्या बाजूला लावा. दारामागे रेटा देणाऱ्या चारपाच आकृती लागतील. तसा पवित्रा तयार मिळणे कठीण, पण संगीन रोखून धावणाऱ्या शिपायाची बंदूक कापून हात गरम पाण्यात वळवले, तर तो दाराला खांदा लावून उभा राहतो.