अनुभव धागा: ट्विन पीक्सच्या वाटेवरचं रोडहाऊस, चेरी पाय आणि तिथे भेटलेली माणसं

धागाकर्ती

नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी दिवसभर पावसाची रिपरिप होती, घरात जीव रमेना म्हणून परत एकदा नॉर्थ बेंडला गेले, काउंटरवर बसून कॉफी आणि चेरी पाय (चेरीचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) घेतला आणि परत येताना गाडीतच ठरवलं की हा धागा काढायचाच.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ट्विन पीक्स ही डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांची मालिका. ८ एप्रिल १९९० ला अमेरिकेत एबीसीवर सुरू झाली, जून १९९१ मध्ये तीस भागांवर थांबली, १९९२ मध्ये सिनेमा आला आणि मग एकदम २०१७ मध्ये आणखी अठरा भाग. लाकडाच्या गिरणीवर जगणारं डोंगरातलं गाव, लॉरा पामर नावाच्या शाळकरी मुलीचा खून आणि तपासाला आलेला एफबीआयचा एजंट कूपर, ज्याला कॉफी आणि पाय भयंकर आवडतात. गाव काल्पनिक आहे, पण पायलटचं, म्हणजे पहिल्या भागाचं, बरंचसं बाहेरचं शूटिंग १९८९ मध्ये सिअ‍ॅटलपासून तीसेक मैलांवरच्या स्नोक्वाल्मी, नॉर्थ बेंड आणि फॉल सिटी या गावांत झालं. मी राहते रेडमंडला, म्हणजे आपली कितीतरी आयटीवाली मराठी मंडळी राहतात तिथून हे सगळं अर्ध्या-पाऊण तासावर. भारतातून आईबाबा आले की स्नोक्वाल्मीचा धबधबा आपण दाखवतोच, २६८ फुटांवरून पाणी पडतं, फोटो होतात, पण धबधब्याच्या माथ्यावर दिसणारं हॉटेल म्हणजे मालिकेतलं ग्रेट नॉर्दर्न हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते नॉर्थ बेंडचं कॅफे. १९४१ पासूनची जागा आहे, शूटिंग झालं तेव्हा नाव मार-टी, आता ट्वीड्स. २००० साली तिथे आग लागली, आतलं सगळं बदललं, आणि बरीच वर्षं लांबून आलेले चाहते आत जाऊन हिरमुसायचे कारण टीव्हीवर पाहिलेलं काहीच उरलं नव्हतं. मग २०१५ मध्ये नव्या भागांच्या शूटिंगसाठी आलेल्या लोकांनी ते परत होतं तसं करून दिलं आणि मालकांनी ते तसंच ठेवलं. म्हणजे खऱ्या कॅफेवरून टीव्हीतलं कॅफे झालं आणि टीव्हीतल्यावरून परत खरं. मी तिथे बसले की दर वेळी हाच विचार करते, आणि मला ते फार सुंदर वाटतं.

तर तुमचे अनुभव लिहा. हीच मालिका पाहिजे असं नाही, पण एखाद्या जुन्या मालिकेच्या ओढीने तुम्ही एखाद्या बारमध्ये, हॉटेलात, मेळ्याला गेला असाल तर सविस्तर लिहा. नुसतं 'मस्त आहे, जाऊन या' नको, काय पाहिलं आणि कोण भेटलं ते सांगा.

तासगावकरीण

धागा काढलास ते फार बरं केलंस ताई. माझा अनुभव फॉल सिटीच्या रोडहाऊसचा आहे.

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते, तासगाव आगार, बत्तीस वर्षं. रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच आमच्याकडे आले तेव्हा त्यांना कुठं न्यावं कळत नव्हतं, मॉल बघून झालं, बोईंगचं म्यूझियम बघून झालं, पण ते गप्पच असायचे. एका रविवारी धबधबा बघून परत येताना भूक लागली म्हणून मी गाडी फॉल सिटीत वळवली, नदीच्या पुलाजवळच लाकडी दुमजली जुनी इमारत आहे. मालिकेत रोडहाऊस म्हणून जे बाहेरून दिसतं ते हेच, तिथंच गावातले सगळे रात्री दारू प्यायला आणि गाणं ऐकायला जमतात. मला आतून लाल पडदा आणि स्टेज बघायची फार इच्छा होती, पण ते इथं नाहीच, पायलटमधला आतला भाग सिअ‍ॅटलच्या एका जुन्या हॉलमध्ये घेतला होता. आत साधं जेवायचं हॉटेल आणि बार, वर राहायच्या खोल्या.

बाबांना मी मालिकेबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. ते आत यायच्या आधी बाहेर उभे राहून रस्ता बघत होते, मग म्हणाले, "हा थांबा आहे गं. दोन रस्ते मिळतात, नदी आहे, माणूस इथं थांबणारच." आणि मग पहिल्यांदा त्या सहा आठवड्यांत ते बोलायला लागले, कुठल्या घाटाच्या पायथ्याला कोणतं हॉटेल होतं, रात्रपाळीच्या गाड्यांना चहा कोण द्यायचं, कोण ड्रायव्हर-कंडक्टरला भाकरी राखून ठेवायचं, एक एक नाव. आम्ही दोन तास बसलो असू. त्यांनी बिअर घेतली, माझ्यासमोर पहिल्यांदा. घरी गेल्यावर म्हणाले तुझी ती मालिका लाव. तीसही भाग बघितले त्यांनी, सबटायटल वाचत, आणि रोडहाऊस आलं की दर वेळी मला हाक मारायचे.

वडसेकर

मी वडसा देसाईगंजचा, सध्या लंडनला. इथे पूर्वी ट्विन पीक्सचा यूके फेस्टिव्हल व्हायचा, २०१० ला सुरू झालेला, कलाकार यायचे, चाहते वेश करून यायचे, मालिकेतल्या ओंडकावाल्या बाईसारखा ओंडका हातात घेतलेल्या बाया तर विचारू नका किती. पण मला सांगायचं आहे ते डबल आर क्लबबद्दल. बेथनल ग्रीन वर्किंग मेन्स क्लब म्हणून कामगारांचा जुना क्लब आहे, तिथे लिंचच्या दुनियेवरून सुचलेला कॅबरे व्हायचा. लाल उजेड, एक सूत्रधार, मग गाणं, मग काहीतरी अंगावर येणारा प्रकार, मग परत गाणं.

मित्रांना ते विचित्र वाटलं, मला मात्र घरी आल्यासारखं झालं. झाडीपट्टीची नाटकं ज्यांनी पाहिली त्यांना समजेल मी काय म्हणतो ते. धानाची कापणी झाली की शेतात मंडप पडतो, थंडीत चादरी गुंडाळून लोक पहाटेपर्यंत बसतात, आणि नाटक ऐन रंगात आलं, खून झाला, माय रडून राहिली, की मधातच गाणं येते. शहरातल्या माणसाला वाटते हे काय मधातच. पण आमच्याकडे कोणाला ते खटकत नाही, कारण तेवढं रडल्यावर माणसाला गाणं लागतेच. ट्विन पीक्सच्या रोडहाऊसमध्ये जूली क्रूझ पांढऱ्या उजेडात गाते आणि समोर बसलेले लोक का रडून राहिले ते त्यांचं त्यांनाही सांगता येत नाही, तो प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वडशाचा मंडप आठवला होता. जूली क्रूझ २०२२ च्या जूनमध्ये गेली, त्याच वर्षी डिसेंबरात संगीतकार अँजेलो बादालामेंती पण. बेथनल ग्रीनच्या त्या हॉलमध्ये एका बाईनं तिचं गाणं म्हटलं होतं, त्या वेळी ग्लासचा आवाजही कोणी केला नाही.

देवरूखची

आम्ही अमेरिकेला गेलो नाही आणि लंडनलाही नाही, तरी लिहू का? आमचा मेळा देवरूखला झाला, आमच्या ओटीवर.

२१ मे २०१७ ला तिकडे नवे भाग सुरू झाले, आपल्याकडे २२ चा दिवस. पुण्याला हॉस्टेलवर आम्ही पाच जणींनी ही मालिका एकाच लॅपटॉपवर बघितलेली, तेव्हाच ठरलं होतं की परत सुरू झाली तर एकत्र बघायची. पाचातल्या चौघी आल्या, एक बाळंतीण होती म्हणून फोनवर. चेरी पाय पाहिजेच असा हट्ट, पण देवरूखात मे महिन्यात चेरी कुठून आणणार, ती टपरीतल्या पानावरची लाल साखरेतली नको होती कुणाला. मग आई म्हणाली करवंदं आहेत की. चांगली पिकलेली काळी करवंदं, बिया काढता काढता बोटं जांभळी झाली, गूळ घालून आटवली, वर मैद्याची पारी. ओव्हन नव्हता, कुकरची रिंग आणि शिट्टी काढून तळाला मीठ पसरून भाजलं. खालून थोडं करपलं, पण करवंदाचा तो आंबटगोड रस बाहेर येऊन कडेला कडक झाला होता ना, तो आम्ही खरवडून खाल्ला.

पहिल्या भागात ओंडकावाली बाई फोनवर बोलते. ते काम करणारी कॅथरीन कूल्सन २०१५ मध्येच गेली, ती आजारी असताना ते चित्रीकरण केलेलं. आम्हाला ते माहीत होतं, तिचा चेहरा आला तशी ओटीवर एकदम शांतता. आजी मागे पाटावर बसून सगळं बघत होती, तिला इंग्रजी येत नाही, तिने विचारलं ही बाई इतकी आजारी आहे तर हिला कुणी घरी का नेत नाही.

दर मे महिन्यात अजूनही भेटतो. पाय तोच.

पाइनखालची

@देवरूखची, करवंदाची रेसिपी वेगळ्या धाग्यात द्या प्लीज.

मी स्नोक्वाल्मी खोऱ्यातल्या ट्विन पीक्सच्या फेस्टिव्हलला एकदा गेले होते, १९९२ पासून चालत आलेला होता तो, आता तसा होत नाही. ओलाली स्टेट पार्कला पिकनिक, बसमधून सगळ्या जागा दाखवायचे, चेरीच्या देठाला जिभेने गाठ मारायची स्पर्धा. खूप लांबलांबून लोक आलेले, जपानमधूनही. तिकडे ही मालिका इतकी लोकप्रिय होती की लिंचने १९९१ मध्ये जपानी कॅन कॉफीसाठी ट्विन पीक्सच्याच जाहिराती केल्या होत्या. एकमेकांची भाषा येत नसलेली दोन माणसं रेनिग रोडवर, जिथे मालिकेतली गावाची पाटी दिसते तिथे, माउंट साय हा डोंगर समोर धरून अर्धा तास हातवारे करत बोलत उभी होती. मला फोटो काढायचा होता पण त्यांना हलवावंसं वाटेना.

निवांत

थोडं वेगळं, पण नॉर्थ बेंडवरून जाणाऱ्या त्याच आय-९० महामार्गाने सरळ पुढे गेलात तर सिअ‍ॅटलपासून ऐंशी मैलांवर रॉझलिन लागतं. नॉर्दर्न एक्स्पोजर नावाची मालिका १९९० ते ९५ मध्ये होती, त्यातलं अलास्काचं सिसिली गाव म्हणजे हे. द ब्रिक हा बार १८८९ पासूनचा, मालिकेतही त्याच नावाने आहे. बारच्या खालून पाण्याचा पाट वाहतो, पूर्वी तंबाखू थुंकायला केलेला, अजून चालू आहे. आतलं शूटिंग मात्र धागाकर्तीच्या रेडमंडमध्ये स्टुडिओ करून झालेलं. चाहत्यांचा मेळाही व्हायचा तिथे, मूसफेस्ट नावाने. पण बार झाल्यावर दफनभूमीत नक्की जा. कोळशाच्या खाणीचं गाव होतं, १८९२ च्या स्फोटात ४५ जण गेले, आणि वेगवेगळ्या देशांतून आलेल्यांच्या वेगवेगळ्या दफनभूमी झाडीत शेजारी शेजारी आहेत. बारमध्ये आम्ही जेवढा वेळ होतो त्याच्या दुप्पट वेळ तिथे फिरलो.

रात्रपाळी

वाचत होतो फक्त, पण तासगावकरीणताईंच्या बाबांचं वाचून लिहावंसं वाटलं.

जानेवारी २०२५ मध्ये लिंच गेल्याची बातमी आली. मी त्या आठवड्यात रात्रपाळीला होतो, शिफ्ट संपवून झोपलो नाही, तसाच नॉर्थ बेंडला गेलो. कॅफेत गर्दी होती पण आवाज नव्हता, दारापाशी कुणीकुणी फुलं ठेवलेली. काउंटरवर एकच स्टूल रिकामं मिळालं, शेजारी एक म्हाताऱ्या बाई, ऐंशीच्या आसपास असतील. मला वाटलं जुन्या चाहत्या असतील म्हणून विचारलं, तर म्हणाल्या मी ती मालिका धड पाहिलेली पण नाही.

त्या स्नोक्वाल्मीच्या लाकडाच्या गिरणीत कामाला होत्या, ऑफिसात. मालिकेतलं शेरीफचं ठाणं म्हणजे त्या गिरणीचंच ऑफिस, आता तिथे रॅली ड्रायव्हिंग शिकवतात. गिरणी १९१७ पासूनची, २००३ मध्ये बंद झाली. त्यांचे वडील, नवरा, दीर सगळे तिथेच. मी त्यांना सांगितलं की लिंचचे वडीलही झाडांवर संशोधन करणारे होते, सरकारी शेती खात्यात, त्यामुळे त्याचं बरंचसं लहानपण याच बाजूच्या जंगलांच्या मुलखात गेलं. त्यांना ते माहीत नव्हतं. थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, मग बरोबर आहे.

मी विचारलं काय बरोबर आहे. तर मालिकेच्या सुरुवातीला नावं येतात तेव्हा गिरणीची धुरांडी दिसतात आणि एक यंत्र करवतीच्या एकेका दाताला धार लावत पुढे सरकत असतं, ठिणग्या उडतात, आठवा. त्या म्हणाल्या, गिरणी चालू असतानाचं एवढंच आमच्याकडे राहिलंय, बाकी कुणी असं शांतपणे उभं राहून ते यंत्र बघितलंच नाही. नातवंडांना दाखवायचं असलं की तेवढीच दोन मिनिटं लावते आणि बंद करते.

कॉफी संपली तेव्हा त्यांनी ओव्हरकोट घातला, मला हात मिळवला आणि म्हणाल्या, फक्त तिथे संगीत आहे, त्यामुळे त्या यंत्राचा आवाज येत नाही, तो मी नातवंडांना तोंडाने काढून दाखवते. आणि तिथेच काउंटरपाशी उभं राहून त्यांनी तो मलाही काढून दाखवला.