व्होर्टेक हेडवर जुने रॉकर नकोत
१९७० च्या दशकातल्या शेव्ही ३५० वर (शेव्हरलेचं ३५० घन इंची व्ही-८ इंजिन) व्होर्टेक हेड, म्हणजे त्याच कंपनीचं नंतरचं सिलिंडर हेड, चढवताना जुनेच रॉकर आर्म (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे छोटे दांडे) वापरू का, असं विचारलंत. कृपया वापरू नका. जुन्या हेडमध्ये पुशरॉडचं (खालून रॉकरला ढकलणाऱ्या सळईचं) भोक अरुंद असतं, त्यामुळे पुशरॉड सरळ राहतो आणि रॉकर व्हॉल्व्हवरून सरकत नाही. व्होर्टेकमध्ये ही भोकं मोठी आहेत. तिथे रॉकरच्या टोकाला दोन्ही बाजूंनी छोट्या कडा हव्यात, म्हणजे सेल्फ-अलाइनिंग रॉकर. मात्र त्यांच्याबरोबर गाइड प्लेट (पुशरॉडला सरळ धरणारी पट्टी) कधीच लावू नका; दोघं एकमेकांशी भांडतात आणि व्हॉल्व्हचं टोक झिजतं.

कॅम (व्हॉल्व्ह कधी आणि किती उघडायचे ते ठरवणारा दांडा) बदलणार असाल तर लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो ते, आधी बघा. मूळ व्होर्टेक हेडवर साधारण ०.४६० इंचापुढे रिटेनर (व्हॉल्व्ह स्प्रिंगवरची टोपी) खालच्या सीलवर आपटतो. नुसत्या कडक स्प्रिंग टाकून हे सुटत नाही, व्हॉल्व्ह ज्यात सरकतो ते गाइड वरून कापून घ्यावं लागतं.

पुशरॉडची लांबी अंदाजाने घेऊ नका. व्हॉल्व्हच्या टोकाला मार्कर फासा, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. रॉकर घासल्याची खूण बारीक आणि मध्याजवळ आली तर लांबी बरोबर. आणि हो, इनटेक मॅनिफोल्डही (हेडमध्ये हवा नेणारा भाग) व्होर्टेकचाच लागेल, बोल्टच्या जागा वेगळ्या आहेत.